निऱ्यांचं माप

मेंदूमोजणी केंद्राच्या बाकावर रत्नमालाबाई सलग तिसऱ्या वर्षी बसल्या होत्या. सांगलीत तीस वर्षं त्या तयार नऊवारी शिवून देत होत्या. पाठीला बाकाची सवय नव्हती.

"मावशी, यंदाही मेंदूचा थर पातळच आलाय," यंत्र चालवणारी अश्लेषा म्हणाली. "तिसऱ्यांदा आला की सहीचा हक्क रद्द. आता बँक, घर, दवाखाना, सगळीकडे तुमच्याऐवजी मुलगा सही करेल."

"अगं, पण मी कुठे काय विसरते? सगळ्या गिऱ्हाइकांची मापं मला तोंडपाठ आहेत."

"माहितेय मला. तुमच्या मेंदूला एक वळी, म्हणजे घडी, जास्त आहे, जन्मापासूनच. आजार नाही तो, कितीतरी जणांना असते. पण यंत्र त्या जागी एकच वळी धरून चालतं, म्हणून जाडी कमी भरते."

रत्नमालाबाईंनी डोळे मिटून घेतले. चिडायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

"म्हणजे निऱ्या न सोडताच लुगडं मोजायचं, आणि वर म्हणायचं, नऊ वार भरत नाही."

"तसंच."

"मग एवढंच लिही आणि खाली सही कर. तुला तर सगळं कळतंय."

अश्लेषाने अहवाल पुढे सरकवला. खाली केंद्राच्या साहेबांची सही आधीच छापलेली होती.

"मावशी, ती वळी मलाही आहे," ती म्हणाली. "माझी सही गेल्या वर्षीच गेली."