आरामाचे चार दिवस

“राघू बापा, उडून जाय, मावशीच्या वावरी खाय; कणीस माह्यं कवळं हाय, मचाणावर एकली माय!”

चाळीस वर्षांमागं नत्थुजीची माय मचाणावरून अशी आरोळी द्यायची. डोक्यावर गोफण गरगर फिरायची. खडा सुटला की अख्खं शिवार पंख फडफडवून उठायचं. आज अमरावतीत, हाडांच्या दवाखान्यात, उजेडाच्या पाटीवर लावलेल्या, पोरीच्या कोपराच्या एक्स-रे फोटोपुढं बसलेल्या नत्थुजीच्या कानात तीच आरोळी घुमत होती, आणि त्याची मान वर होत नव्हती.

शेजारी प्रणाली, चौदा वर्षांची. उजवा हात गळ्यातल्या झोळीत. नांदगाव खंडेश्वरच्या शाळेची ती पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. बेसबॉल नावाचा खेळ असतो, हे गावाला तिच्यामुळं कळलं. पारावरचे म्हातारे आधी हसायचे, “नत्थू, तुही पोरगी ढेकळं फेकाची शाळा शिकते म्हंतेत!” ती पेपरात आली, तेव्हा त्याच म्हाताऱ्यांनी तिचा फोटो हाटेलाच्या भिंतीला चिकटवला. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड होती.

“वाढीच्या जागी हाड ओढलं गेलंय,” डॉक्टर ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “या वयात जास्त फेकण्यानं होतं असं. किती चेंडू टाकते ही?”

सोबत आलेल्या उद्धव सरांनी, शाळेतल्या तिच्या खेळाच्या मास्तरांनी, वही पुढं सरकवली.

सरांच्या वहीला तालुक्यात मान होता. कोणत्या पोरीनं किती चेंडू टाकले, त्यातले किती नेमक्या जागी पडले, समोरच्या कोणत्या बॅटरला कोणता चेंडू झेपत नाही, सगळं त्यात. सर तोंड पाहून पोर निवडत नसत, आकडा पाहून निवडत. त्या वहीपुढं ना सरपंचाचा शब्द चालला, ना कोणाच्या मामाचा वशिला. म्हणून तर नत्थुजीसारख्याची पोर पुढं आली. पहिल्याच पानावर नियम होता. एका दिवसात फार तर पंच्याहत्तर चेंडू, मग चार दिवस हाताला आराम.

“अकोल्याची फायनल,” सर वहीतच पाहत म्हणाले. “एक्काहत्तर चेंडू. पुढचे चार दिवस चेंडूला हात लावलेला नाही.”

डॉक्टरबाईंनी आकडे दोनदा वाचले. “हे तर सगळं ठीक आहे. एवढ्यानं असं व्हायला नको. घरी काय केलं हिनं?”

नत्थुजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

ते चार दिवस सोयाबीन काढणीचे होते. घरदार वावरात वाकलेलं. धुऱ्याच्या बांधापलीकडं ज्वारी दुधावर आलेली आणि राघूंचे थवेच्या थवे उतरलेले. आराम म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? “सरनं तुले आरामच सांगतला ना?” तो म्हणाला होता. “मंग मचाणावर बस. बसूनच त राहाचं हाय.” पोर क्षणभर थांबली होती. काही तरी ओठांवर आलं होतं तिच्या. मग तिनं गोफण उचलली आणि हसून म्हणाली, “राघू काय माह्या तोंडाकडे पाहून उडतीन, बाबा?”

“डॉक्टरबाई,” नत्थुजी उठून उभा राहिला. भरल्या वर्गात मास्तरनं उभं करावं तसा. “चूक माही हाय जी. ते चार दिवस म्या पोरीले गोफण देल्ली. पाखरं हाकाले.”

“बाबा, चूप बसा ना,” प्रणाली म्हणाली. “दोन-चार खडेच त फेकले.”

“दोन-चार नाई. टोपलंभर रोज. म्या सोताच्या हातानं येचून देल्ले.”

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं, गोफण. “सहा महिने फेकणं बंद. निवड वगैरे विसरा. हात पहिल्यासारखा होईल का, ते तेव्हाच कळेल.” मग आवाज मऊ करून म्हणाल्या, “काका, तुम्ही काही जाणूनबुजून केलं नाही.”

त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. बापानंच पोरीचा हात मोडला. सोन्यासारखा हात, आणि त्यात खडे दिले. नत्थुजी सरांकडं वळला. “सर, तुमी एकेक चेंडू लिहून तिले जपलं. अन् म्या अडाण्यानं...” तो सरांच्या पायांशी वाकला.

सरांनी पाय चटकन मागं घेतले. पायांवर विस्तव पडावा तसे.

प्रणाली बापाकडं पाहत नव्हती. ती सरांकडं पाहत होती. ना राग, ना रडं. नुसती पाहत होती. सरांनी तिची नजर चुकवली, वही मिटली, पुन्हा उघडली. मग डॉक्टरबाईंच्या टेबलावरचा पेन उचलला आणि एक्काहत्तरवर काट मारली.

“बाई, ते गोफण खोडा,” सर म्हणाले. “एकशे अठरा टाकले तिनं. दुसऱ्या पोरीला उतरवलं तर हरतो, हे याच वहीत दिसत होतं मला. जिंकलो, आणि घरी येऊन आकडा बदलला.”

नत्थुजीला काही उमगेना. तो तसाच अर्धा वाकून राहिला. सरांनी त्याला दोन्ही दंडांना धरून उभं केलं. आता त्यांच्या तोंडून त्यांच्या स्वतःच्या खेड्याची बोली आली.

“ऐंशीव्या चेंडूलेच ती म्हणे, सर, हात दुखून राह्यला. घरी सांगू नोको, असं म्याच तिले बजावलं, नत्थुभाऊ.”