चियाओबाईचं गिऱ्हाईक

"खा," म्हणत म्हातारीनं डुकराच्या खुराचा वाफाळता तुकडा त्याच्यासमोर आदळला.

चियाओ लिनशानला संताप आवरेना. चीनच्या शांतुंग प्रांतातल्या गावागावांत लोक त्याच्या पाया पडत. त्याच्या शब्दावर अफूबाजांनी चिलमी फोडल्या, खाटकांनी सुरे कालव्यात फेकले. त्यानं काढलेल्या निर्मळ मार्ग पंथाचा पहिला नियमच होता, जिवाला मारून पोट भरायचं नाही. आणि त्याची सख्खी आई भर बाजारात, वेशीच्या तोंडाशी, डुकराचं मांस शिजवून विकत बसली होती.

"आई, शेवटचं सांगतो. हे भांडं उचल. मी तुला शेवयांचं दुकान घालून देतो. लोक हसतात गं मला."

"हसू दे की. हसण्यानं कुणाचं नाक झडलंय?" तिनं कढईत पळी फिरवली. "एवढी दुनिया ऐकते ना तुझं? एक म्हातारी राहिली तर तुझा स्वर्ग काही गळायला लागणार नाही."

"तू आलीस की सगळे येतील."

"मी कुठं जात नाही न् येत नाही. गार होतंय, खा."

दरवेळी हेच. तो समजवायला यायचा, ती ताट पुढं सरकवायची. दगडाला पाझर फुटला असता, पण ही बाई फुटत नव्हती. तो तणतणत उठला, तेवढ्यात गल्लीच्या दोन्ही टोकांना बुटांचा आवाज झाला.

नव्या गव्हर्नरानं पंथावर बंदी घातल्याची कुणकुण होतीच. आता त्याचे सैनिक आले होते. त्यांच्या जमादाराच्या हातात पंथाच्या गुरूचं वर्णन होतं. सात फूट उंची, छातीपर्यंत पांढरी दाढी, डोळ्यांत तेज. भक्तांनीच तिखटमीठ लावून पसरवलेलं ते वर्णन. बुटका, टकला, सर्दीनं नाक लाल झालेला लिनशान त्यांच्यासमोरच उभा होता, आणि जमादारानं त्याला हातानं बाजूला सारलं.

"म्हातारे, भांडं पुढं ओढ," तो म्हणाला. "आज सगळ्या बाजाराला माझ्याकडून मेजवानी. जो खाईल तो घरी जाईल. जो खाणार नाही तो आमच्याबरोबर येईल."

माणसं रांगेनं येऊ लागली. लिनशान भिंतीला टेकून बघत राहिला. औषधवाला फांग पुढं झाला. परवाच सभेत तो छाती बडवून म्हणाला होता, "गुरुजी, मान कापली तरी नियम मोडणार नाही!" फांगनं तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि जमादाराला खूश करायला आणखी एक मागितला. टोफूवाली डोळे पुसत खाऊन गेली. न्हावी गेला, शाळामास्तर गेला. कुणीही लिनशानकडे बोट दाखवलं नाही. कुणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढ्या वर्षांची मेहनत एकेका घासाबरोबर लोकांच्या घशाखाली उतरत होती. ओरडावं, थोबाडावं एकेकाला, असं त्याला वाटलं. पण तो भिंतीपासून हलला नाही.

"हा कोण?" जमादारानं विचारलं.

"हा होय? माझं रोजचं गिऱ्हाईक," म्हातारी चटकन म्हणाली. "फुकट मिळतंय म्हणून थांबलाय मेला. घे रे, खा गुपचूप!"

तिनं स्वतःच्या हातानं तुकडा त्याच्या तोंडाशी धरला. तिचे डोळे विनवत होते.

लिनशाननं तोंड उघडलं. वाटलं होतं, ओकारी येईल. आली नाही. चव ओळखीची होती, लहानपणची. जीभ काहीच विसरली नव्हती, आणि याचीच त्याला सगळ्यात जास्त चीड आली. त्यानं गिळलं. जमादारानं मान हलवली. सुटला.

बाजार खाऊन संपला तरी सैनिकांच्या हाती कुणी लागलं नाही. जमादार वैतागला. मग भांड्याच्या तळाशी राहिलेला तुकडा उचलून त्यानं थट्टेनं म्हातारीपुढं धरला.

"घे आजी. सगळ्यांना वाढलंस, आता तू."

तिनं हात फडक्याला पुसले. "मला नको."

"अगं, घे की!"

"मी खात नाही."

सैनिक खो खो हसले. "डुक्कर विकतेस आणि खात नाहीस?"

"विकते ते पोटासाठी. दुसरं काही येत नाही मला."

जमादाराचं हसू मावळलं. "कधीपासून खात नाहीस?"

"लेकानं सोडलं तेव्हापासून." ती कढईकडे बघत बोलली. "तो उन्हातान्हात मुळे न् कोबी खाऊन फिरणार, आणि मी इथं बसून चापणार? घास उतरेना. मग सोडून दिलं. कुणाला सांगायचं काय त्यात?"

लिनशान जागच्या जागी थिजला. तिनं त्याच्यापुढं किती वेळा ताट सरकवलं होतं. तिच्या स्वतःच्या ताटात काय असतं, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

"लेक कुठाय तुझा?"

"कुणास ठाऊक. पोरं सांगून जातात होय?"

"गुरूचं नाव सांग, सोडतो."

"मला कुठला गुरू, बाबा? मला लेक आहे."

जमादारानं खूण केली. दोघांनी तिचे हात मागं वळवून दोरी आवळली. फांग आपल्या बुटांकडे बघत राहिला. शाळामास्तर हळूच दुकानाआड सरकला. म्हातारी जाता जाता लिनशानवर खेकसली, "बघतोस काय असा? झालं ना खाऊन? जा घरी!"

तो भिंतीपासून सुटा झाला. नाक पुसलं. रस्त्याच्या मधोमध येऊन सैनिकांच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"दोरी सोडा," तो म्हणाला. "ती माझी आई आहे."