दुपट्ट्याखालचा भाव

दामिनीनं बाटलीतून दूध पाजून वाढवलेली गाभण कालवड गोठ्यातूनच विकली जात होती. निम्मे पैसे नातीच्या नावावर टाकीन, असा शब्द सासऱ्यानंच दिला होता. व्यापाऱ्याशी खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली गुपचूप बोटं दाबून भाव ठरवल्यावर सासरा म्हणाला, “पस्तीस हजारात जमलं.” मागच्या दोन्ही कालवडीही याच व्यापाऱ्याला पस्तिसातच दिल्याचं त्यानं सांगितलं होतं. लेकीला कडेवर सावरत दामिनीनं स्वतःचा हात दुपट्ट्याखाली घातला. “माह्याशी ठरवा.” व्यापारी मागं सरला. “परक्याच्या सुनेचा हात कसा धरू वं?” “मग तोंडानं सांगा.” “कॉलेज शिकली म्हणून बहुत बोलते का?” सासरा गुरकावला. तिनं दावं धरलं. “पस्तिसात नाही देत. वापस बांधते.” व्यापारी चिडला. “रामाजी, पन्नास ठरले ना? सुनेले काहून नाही सांगत गा?” सासऱ्यानं मान फिरवली. दामिनी व्यापाऱ्याकडंच बघत राहिली. “आता मागच्या दोघींचाही भाव सांगा, भाऊ.”