करडी अक्षरं

लॅपटॉप ताईचा स्वतःचा होता, नवाकोरा. त्यावर लाटेकचा, म्हणजे गणिताची पुस्तकं जुळवायचा, एडिटर बसवण्यात तिची अख्खी सकाळ गेली. धाकट्या भावाचं भूमितीचं पुस्तक शेवटच्या प्रकरणावर अडलं होतं. तो गेला, आणि प्रकाशक म्हणाले, "तुम्हीही गणितच शिकवता. तुम्हीच पुरं करा."

डावीकडे आज्ञांसकट मजकूर लिहायचा, उजवीकडे छापील पान उमटायचं, एवढंच. पण पान काही उमटेना. कधी फॉन्ट सापडत नव्हता, कधी आकृत्यांचं पॅकेज. शेवटी वैतागून तिने भावाच्या लॅपटॉपमधली सेटिंग्ज आणि लिहून झालेली प्रकरणं जशीच्या तशी उचलून आपल्याकडे आणली.

पडदा त्याच्या पडद्यासारखाच काळा झाला. अक्षरं बोटभर मोठी झाली; त्याची नजर अधू होती. उजवीकडे पहिलं पान निमूट उमटलं.

आई हात पुसत आली आणि दारातच थबकली.

"त्याचा कशाला काढलास?"

"माझाच आहे, आई."

"मग असा का दिसतोय?"

ताई नव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहायला लागली. 'आकृ' एवढंच टाइप झालं, तोच पुढचं वाक्य करड्या अक्षरांत आपसूक आलं: आकृतीत दिसतं म्हणून खरं मानू नका.

तिने हात कीबोर्डवरून काढून घेतले.

"हे तू लिहिलंस?" आई खुर्चीमागे येऊन उभी होती.

"नाही. तो हे वाक्य सारखं लिहायचा. एडिटर त्याची जुनी प्रकरणं धुंडाळतो आणि पुढचं सुचवतो."

"म्हणजे आपण सुरुवात केली, की तो पुढचं बोलतो."

"तो नाही गं. एडिटर."

आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. स्टूल ओढून ती ताईला खेटून बसली. मग हळूच म्हणाली, "मी आलेय म्हणून सांग त्याला. 'आई' लिही."

"अगं, पुस्तक भूमितीचं आहे. त्यात तो कशाला..."

"लिही तर खरं."

ताईने 'आकृ' पुसून 'आ' दाबला. करडी अक्षरं लगेच धावून आली, तीच, आकृतीची. 'ई' दाबताच ती विरून गेली. काळ्या पडद्यावर नुसतं 'आई' उरलं, आणि त्याच्यापुढे उघडमीट करणारा कर्सर.

ताईला बघवेना. पुसून टाकायला तिने बोट पुढे केलं, तर आईने तिचं मनगट धरलं.

"थांब जरा," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "माझ्या हाकेला ओ द्यायला त्याला नेहमी वेळच लागायचा."