भाकरी टाक, आलोच

मागच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी मोबाईल लावला आणि भर दुपारी समर्थचा आवाज थेट स्वयंपाकघरात आला. "आई, भाकरी टाक, आलोच!" मागोमाग पोरांचं खिदळणं.

शेफालीने धावत जाऊन खिडकी लावली. वाघोलीत आता चारी बाजूंनी बिल्डिंगा, एक खिडकी लावून काय कप्पाळ होणार!

समर्थ तिचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी नगर रोडला डंपरखाली गेला. गाडीला किक मारण्याआधी त्याने आईला हा एवढाच निरोप बोलून पाठवला होता. शेफालीने तो आईच्या फोनमधून घेतला, आईला न विचारता, आणि आपल्या दुसऱ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला घातला. रेकॉर्डिंगला ती रडली, अख्खा स्टुडिओ रडला.

लोक मात्र रडायला तयार नव्हते. पहिल्या अल्बमवर वरातीत नाचलेल्या पुण्याने हा ऐकून "बाईंना बरं नाही का?" एवढंच विचारलं. गाणी कुणी पुरती ऐकलीच नाहीत. समर्थची ती ओळ तेवढी कुणीतरी कापून घेतली आणि रील्सना लावली. मग काय विचारता! ताटलीकडे धावणारं कुत्रं, ऑफिसातून सटकणारी पोरं, पंगतीत घुसणारा नवरदेव, सगळ्यांच्या तोंडी समर्थ.

फोन वाजला. जावेद, तिचा संगीतकार.

"शेफाली, घरपोच जेवण देणारी एक कंपनी आहे. त्यांना जाहिरातीला ती लाईन हवीये. संध्याकाळपर्यंत सांग. अल्बम तरेल गं आपला."

"ते गाणंच काढून टाक, जावेद. सगळीकडून. आजच."

"वेडी आहेस का? तेवढं एकच तर चाललंय!"

"लाईन नाहीये ती! मेलेला भाऊ आहे माझा!"

बोलून गेली आणि तिला आठवलं की आई मागेच ओट्याशी उभी आहे. फोन तिने तसाच चालू ओट्यावर ठेवला.

"आई, चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं. काढून टाकते मी."

तुळजाबाईंनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. घरात माणसं दोन, आणि दोघींची जेवणं मघाशीच उरकली होती. टोपल्यातली भाकऱ्यांची चवड शेफालीला आत्ता कुठे दिसली.

"आई, कुणासाठी करतेयस एवढ्या?"

तुळजाबाईंनी भाकरी उलटली.

"काढू नगंस ते गाणं."

"अगं, लोक हसतात त्याला!"

"हसू दे की. माझ्या फोनात त्यो एकदाच बोलला, अन् मागनं पोलीस आलं दारात. आता कवा ह्या घरातनं, कवा त्या रिक्षातनं, दिसभर आलोच म्हणतोय. आलोच म्हणतोय म्हंजी वाटंवरच हाय न्हवं?"

ओट्यावरच्या फोनमध्ये जावेद "हॅलो, हॅलो" करत होता.

"त्या कंपनीला व्हय म्हण," तुळजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पिठाच्या हातानेच खिडकी उघडली आणि पुढचा गोळा मळायला घेतला.