अस्तराचा कागद

"घासताना आवाज येऊ दे, यीलान. मुकी शाई मला आवडत नाही."

यीलान हसली आणि शाईची कांडी दगडावर जोराने घासू लागली. तिचे वडील, चित्रकार थान बोयान, टेबलाशी ताठ बसले होते. समोर लोकरीच्या नमद्यावर कागद होता, कागदाच्या टोकांना वजनं. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती, पण बोटांनी कडा चाचपून ते अजून कागदाचा मध्य अचूक काढत.

घासणं थांबवून तिने वाटी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली. त्यांनी कुंचला तिच्यात बुडवला आणि सवयीने ओठांत धरून टोकदार केला.

"आज छान लागलीय."

"नेहमीचीच आहे, बाबा."

"तेच म्हणतोय. जा, चहाचं बघ. तू मागे उभी राहिलीस की माझा हात लाजतो."

ती चहाचं पाणी ठेवून परत आली, तोवर काम सुरू झालं होतं. खिडकीखालच्या कालव्यातून एक नाव गेली. वल्ह्याचा आवाज विरेपर्यंत ते थांबले, मग हात पुन्हा चालू लागला.

"काय उमटलं?"

यीलानने वाकून पाहिलं. "पूल. त्याच्याखाली नाव."

"नाव खालीच आहे ना? का पुलावर चढली?"

"खाली आहे."

"मग आपल्याला अजून कुणी हसणार नाही," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

ओला कागद तिने दोरीवर वाळत घातला. दुपारी त्यांनी बडीशेप घालून शिजवलेले पावटे खाल्ले आणि मीठ कमी पडलं म्हणून कुरकुर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

अंत्यविधी उरकल्यावर हांगचौहून फेंग आला. बोयानची चित्रं तोच विकायचा. आता त्याला त्यांच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरवायचं होतं.

"ताई, शेवटच्या दोन वर्षांसाठी एक अख्खी भिंत ठेवलीय."

"त्या वर्षांतलं काही नाही."

"रोज काढायचे की! सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"फाडून टाकलं."

"कुणी?"

"त्यांनीच."

फेंग चुकचुकला. "मग लोक म्हणणार, म्हाताऱ्याचा हात आधीच गेला होता. मी काय सांगू त्यांना?"

"म्हणू देत."

दृष्टी गेल्यानंतरचं पहिलं चित्र तिने याच फेंगला दाखवलं होतं. वडिलांसमोर तो वा वा म्हणाला. मग दाराबाहेर जाऊन फोनवर हसला, "आंधळ्याच्या रेघोट्या आहेत. पण खाली त्याच्या नावाचा शिक्का आहे ना, जातील विकल्या." यीलानने ते चित्र त्याला दिलं नाही, चुलीत घातलं. वडिलांना ती काही बोलली नाही. बापाचं हसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिने ठरवलं. त्यानंतर तिने एकही कागद घराबाहेर जाऊ दिला नाही.

फेंग गेल्यावर तिने कपाट रिकामं केलं. त्यातला कागदांचा गठ्ठा बांधून ती ताओकाकांच्या दुकानात गेली. चित्रांना मागून कोऱ्या कागदाचं अस्तर खळीने चिकटवून गुंडाळ्या करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोयानचं प्रत्येक चित्र त्यांच्याच हातून गेलेलं.

"जुना कागद आहे, काका. दुरुस्तीला, अस्तराला वापरा."

ताओकाकांनी एक कागद उजेडासमोर धरला. "कोरा? तुझा बाप आणि कोरा कागद शिल्लक ठेवील? माझ्या दुकानात बसायचा तेव्हा पुड्या बांधायचे कागदसुद्धा लपवावे लागायचे."

"डोळे गेल्यावर राहिला."

"जरा आक्रसलाय."

"दमट हवा," ती म्हणाली.

आठवडा गेला असेल. ताओकाकांचा फोन आला. "ये. आत्ताच ये, खळ वाळायच्या आत."

लाल लाकडी टेबलावर कागद चिकटवून ठेवले होते. खळीने भिजून ते राखाडी झाले होते आणि त्या राखाडीत पांढऱ्या रेषा दिसत होत्या. एक पूल. त्याच्या रेषा एकमेकींना चुकल्या होत्या, कठडा हवेत लोंबत होता. नाव पुलावर चढून बसली होती. बाजूच्या कागदावर पुन्हा पूल. त्याच्या बाजूलाही.

"तुरटी आहे ही," ताओकाका म्हणाले. "तुरटीचं पाणी लागलं की कागद तेवढ्या जागी ओल पीत नाही. पांढरा राहतो. वाळला की परत कोरा."

"तुरटी त्यांना कुठून..."

"माझ्याकडून. डोळे गेले त्याच हिवाळ्यात. त्याला इथे बसवून तू भाजी घ्यायला गेली होतीस. पुडी बाहीत सरकवली आणि म्हणाला, पोरीला सांगू नकोस. नंतर दर खेपेला न्यायचा. मला वाटलं, असेल काही नवीन खूळ." त्यांनी खळीचा कुंचला खाली ठेवला. "पण यात शाईचा एक ठिपका नाही गं. कुणाला दिसू नये असं चित्र माणूस कशाला काढेल? तू तर रोज शेजारी होतीस, तूच सांग."

यीलान टेबलावर वाकली. कडांकडून कागद वाळू लागला होता. पुलाची एक कमान विरत चालली होती. तिने हात पुढे केला, पण कागदाला लावला नाही.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "शाईच्या वाटीत मी रोज नुसतं पाणी ठेवत होते."