राहिलेला दोर

उडणाऱ्या सुपरहिरोच्या पाठीला बांधलेला दोर कॉम्प्युटरवर पुसून टाकायचं काम नयन नौपाड्यातल्या एका स्टुडिओत करायचा.

"लोक हसतायत रे आपल्यावर," सुपरवायझर विकी म्हणाला. "मालिकेचा दर्जा पार घसरला म्हणतायत. हल्ली दर भागात एकदा तरी दोर दिसतोच. परत दिसला तर तुला काढावं लागेल."

"नाही दिसणार," नयन म्हणाला. नव्या भागातले सगळे दोर त्याने नीट पुसले आणि एक मुद्दाम तसाच ठेवला.

 

गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या घरी, सातव्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर चढून त्याची पाच वर्षांची दिशा म्हणाली होती, "बाबा, मी पण उडते, बघ हां."